बिनरंगाचं मलम

३ ऑक्टोबर

आज डॉक्टरांनी माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला मुदत दिली. दिवाळीपर्यंत जखम भरली तर अंगठा राहील, नाही तर काढावा लागेल. महाडात कोर्ट आहे, माणसांना तारखा मिळताना आयुष्यभर पाहिलंय. अवयवाला तारीख मिळताना आज पहिल्यांदा पाहिलं.

हे कसं झालं ते इथेच लिहून ठेवतो, बाहेर सांगायची सोय नाही. माझी प्रेस फ्लेक्सवर गेल्याला जमाना झाला, पण बाबांच्या वेळचे छपाईचे शिशाचे खिळे मला टाकवत नाहीत, एका डब्यात ठेवलेत. मागच्या आठवड्यात तो डबा सांडला. सगळे खिळे वेचले असं वाटलं. एक चपलेत राहिला. त्याच्यावर उभा राहून मी दिवसभरात तीन लग्नं, एक बारसं आणि एका नगरसेवकाचा वाढदिवस छापला. संध्याकाळी अमितानं फरशीवर रक्ताचे ठसे पाहिले आणि कुणाचा पाय कापलाय म्हणून विचारलं. मी म्हणालो, माझा नसावा, मला काही दुखत नाही.

खिळा 'ण'चा निघाला. साखरेनं पायाच्या नसा इतक्या गाढ झोपवल्यात की एक अख्खं अक्षर अंगठ्यात घुसलं तरी वर्दी नाही. इतकी वर्षं माझ्याच 'काठावरून' साप्ताहिकात 'खिळे' नावाचं सदर लिहून मी दुसऱ्यांना टोचतोय. टोचलेलं न कळणं हा गुण फक्त पुढाऱ्यांत असतो असा माझा समज होता.

अमिता काही बोलली नाही. लग्नाच्या बायकोनं काही न बोलणं हे सगळ्यात वाईट लक्षण.

५ ऑक्टोबर

नशरा स्टिकर छापायला आली. ही जुल्फिकारची मुलगी. जुल्फिकार माझा शाळेतला दोस्त, कुवेतला असतो. वर्षातून एकदा येतो, भिंतींना रंग देतो आणि परत जातो. नशरा फार्मसी कॉलेजात शिकवते आणि गेली काही वर्षं कंबरमोडीच्या मागे लागली आहे.

कंबरमोडी म्हणजे दगडीपाला. पिवळ्या डोळ्याचं, पांढऱ्या पापणीचं बारकं फूल. कातळावर, गटाराकडेला, कोर्टाच्या भिंतीत, कुठेही उगवतं. आमच्याकडे कोयता लागला, खरचटलं, की त्याचा पाला चुरडून लावायची जुनी पद्धत. नशरा त्या पाल्याचा अर्क काढते आणि जेलमध्ये कालवते. उंदरांच्या जखमा त्यानं लवकर भरल्या. आता माणसांवर करून बघायची परवानगी हवी. त्यासाठी नोव्हेंबरमध्ये तिला एका समितीसमोर उभं राहायचंय.

स्टिकरवरचा मजकूर तिचा: 'केवळ प्रयोगासाठी. माणसांवर वापरू नये.' मी म्हणालो, अगो, मलमाची अशी जाहिरात केलीस तर खपणार कसं? ती म्हणाली, खपवायचं नाहीच आहे, काका.

मग मी टेबलाखालून पाय बाहेर काढला. तिनं वाकून नीट पाहिलं. एक डबी दे म्हणालो. नाही म्हणाली. मी म्हणालो, मीही उंदीरच समज, थोडा म्हातारा.

"उंदरांसाठी मी समितीला विचारलं होतं. तुमच्यासाठी अजून विचारलेलं नाही."

हे मलम करतं तरी काय, असं विचारल्यावर तिनं वांग्याचं उदाहरण दिलं. वांगं चिरून ठेवलं की हवेनं काळं पडतं. चिघळलेल्या जखमेतही त्याच जातीचा उद्योग चालू असतो. तो फार झाला की नवी कातडी धरत नाही. पाल्यात असे पदार्थ आहेत जे त्या उद्योगाला आवर घालतात. मी म्हणालो, म्हणजे चिरलेलं वांगं आपण पाण्यात टाकतो तसं. ती म्हणाली, जवळपास तसंच, पण उंदरांवर चाललं म्हणून तुमच्यावर चालेलच असं नाही, हे शोधायलाच तर परवानगी हवी आहे.

मुलीची जीभ माझ्यासारखी आहे, फक्त ती खरं बोलायला वापरते.

जाताना म्हणाली, उद्यापासून सकाळी घरी या, अम्मी पाय बघेल. आणि चालत येऊ नका.

८ ऑक्टोबर

नशराची अम्मी, साजिदाभाभी, सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या, पण हे त्यांच्या हातांना कुणी कळवलेलं नाही. त्यांच्या हातात चिमटा आला की समोरचा माणूस पेशंट होतो, मग तो तहसीलदार असो की माझ्यासारखा पत्रकार. आज तिसरा दिवस. मिठाच्या पाण्यानं धुतात, मेलेली कातडी कापतात. मला ते दुखत नाही, बघवत मात्र नाही. मग स्टीलच्या वाटीतून एक पारदर्शक, थंड, लिबलिबीत जेल लावतात आणि पट्टी बांधतात.

मी हळूच विचारलं, "भाभी, हे तेच ना?"

"डॉक्टरांनी लिहून दिलंय ते."

मी डोळा मारला.

"डोळ्यात काय गेलं?" असं म्हणून त्यांनी माझी पापणी वर करून पाहिली.

काय बाई आहे. बाहेर स्टिकर 'वापरू नये' आणि आत मायलेकी वाटीतून लावताहेत. कॉलेजात पाहिलेलं नशराचं मलम हिरवट होतं, अळूच्या पाण्यासारखं. हे नितळ आहे. गाळून गाळून रंग काढला असणार, म्हणजे कुणाला संशय नको. कायद्याच्या डोळ्यात धूळ टाकायची ती माझ्यासारख्या म्हाताऱ्या उंदरासाठी. मला भरून आलं. असं मला सहसा येत नाही.

घरी मात्र छळ सुरू झालाय. अमितानं चांभाराकडून अंगठ्याखाली पोकळी असलेली चप्पल करून घेतली. मशीनपाशी उभं राहायचं नाही म्हणून स्टूल आणलं. चहातली साखर गेली. भात वाटीनं मोजून मिळतो. सकाळ-संध्याकाळ बोटाला टोचून आकडा बघते आणि तोंड वाकडं करते. मलम आपलं काम करतंय, मग या सगळ्याची गरज काय? बायकांना नवऱ्याला सुधारायची संधी मिळाली की त्या सोडत नाहीत. ती आणि साजिदाभाभी सारख्या फोनवर असतात. मी खोलीत आलो की विषय एकदम सुक्या बोंबलांवर जातो.

१४ ऑक्टोबर

नशराबरोबर पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीवर गेलो. पाला तिथून येतो. गाडी जिथे संपते तिथे शाळेतली खुर्ची आणून मला बसवलं. सत्कारमूर्तीसारखा बसलो, फक्त हार नव्हता.

पाला गोळा करणाऱ्या बायकांची म्होरकी धोंडूबाई. हिच्यासमोर आमचे सगळे पक्षाध्यक्ष पाणी भरतील. नशरा पोती बघायला आत गेली तेव्हा धोंडूबाईनं एक पान आणून माझ्या तळहातावर ठेवलं. बोट लागताच पापडासारखं मोडलं.

"कसा हाय? पोरगी सांगून गेली व्हती सावलीत वाळवा. सावलीत काय वाळतंय? मऊच रवला. मंग दोन दिस कातळावर ऊन दाखवलाव. कडकडीत. पर तिला सांगू नका, ती ओरडल."

मी वचन दिलं. आणि मनातून कौतुक केलं. आमच्या कोकणात सूर्य हाच दर्जाचा शिक्का. आमसूल, मासळी, भात, गोधड्या, जे कातळावर कडक झालं ते खरं. काम दुसऱ्याचं, पण ओला माल द्यायचा नाही, ही यांची रीत. सरकारी ठेकेदारांना इथे आठवडाभर शिकवणीला पाठवावं.

तिचा नवरा महिपत गुरं घेऊन आला. माझी पट्टी बघून म्हणाला, येवढं कशाला, पाला चुरडा न् लावा, माझ्या बापानं तेच केलान. नशरा बाहेर येत होती. ती म्हणाली, मामा, मातीसकट पाला उघड्या जखमेवर नाय लावायचा, कितीदा सांगितलं. महिपत हसला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. आम्ही दोघं पुरुष एकमेकांना समजलो.

१९ ऑक्टोबर

कॉलेजच्या प्रयोगशाळेत. नशराकडे एक जांभळं द्रावण असतं. पाल्याचा अर्क चांगला असला तर त्यात टाकल्यावर जांभळा रंग उडतो आणि हळदीच्या पाण्यासारखा पिवळा उरतो. तीच अर्कातल्या जोराची परीक्षा. मला बघायला बोलावलं होतं.

तिनं अर्क टाकला. जांभळं जांभळंच. दुसऱ्या पोत्यातला टाकला. जांभळं. तिनं सगळी पोती पालथी घातली, टेबलावर जांभळाच्या सरबताचे ग्लास मांडल्यासारखं दिसत होतं. ती खुर्चीत बसली. उन्हाळ्यातला अर्क जूनमध्येच संपला, म्हणाली, तेव्हापासून एक डबी भरलेली नाही. आता समितीसमोर नेऊ काय?

मला ते पापडासारखं मोडलेलं पान आठवलं. धोंडूबाईला दिलेलं वचन मोडलं आणि कातळावरच्या उन्हाची गोष्ट सांगितली. नशरानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग खांदे हलायला लागले. रडते की काय वाटलं. हसत होती.

"चांगुलपणानं मारलंन मला त्या बाईनं."

उन्हानं पाल्यातला तो कामाचा भाग जळतो. सावली हवी, वारा हवा आणि ओल नको. कोकणात हे तिन्ही एकत्र कुठे मिळतं?

तिला धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, माझ्या अंगठ्याकडे बघ, काठ गुलाबी झालेत, तुझं मलम काय आहे ते मला विचार. ती माझ्याकडे बघतच राहिली. "काका, तुमच्या अंगठ्याचा आणि याचा काही संबंध नाही. अम्मीनं सांगितलं नाही का?"

सांगितलं ना, म्हणालो आणि ओठांवर बोट ठेवलं. जूनपासून डबी भरली नाही हे खरं असेल. पण घरच्यांसाठी एक डबी राखून ठेवणार नाही अशी बाई महाड तालुक्यात आहे का?

२४ ऑक्टोबर

उपाय सापडला आणि तो कुवेतच्या पैशातून आला.

जुल्फिकारच्या घराचा वरचा मजला. संगमरवर, जाड पडदे, छताला पंखेच पंखे. मुलाच्या, हमजाच्या, लग्नासाठी बांधलेला हॉल. हमजाही तिकडेच, लग्न ठरायचंय, तोवर कुलूप. साजिदाभाभी आठवड्यातून एकदा तो पुसतात, कुणी पाय ठेवू नये म्हणून. नशरानं किल्ली मागितली तेव्हा त्यांनी आधी नाही म्हटलं. मग जुल्फिकारला फोन लावला. तो तिकडून म्हणाला, मी काय तिथे नाचणार आहे का आज?

आज धोंडूबाई आणि दोघी बायका ओला पाला घेऊन आल्या. चपला खाली काढल्या. दारातच थबकल्या. पायाखाली इतकं गुळगुळीत कधी लागलं नव्हतं. पडदे ओढलेले, पंखे सुरू, पांढऱ्या फरशीवर पाल्याचा थर. सगळं हिरवंगार. साजिदाभाभी जिन्यावर उभ्या राहून बघत होत्या.

"हितं नवरीला बसवायची, न् तुमी कंबरमोडीला बसवलाव," धोंडूबाई म्हणाली.

"नवरी येईल तेव्हा येईल," भाभी म्हणाल्या. "ही तर आली."

मी या घरावर एकदा सदर लिहिलं होतं. गल्फच्या पैशाचे रिकामे महाल, असं काहीतरी. चांगलं जमलं होतं. आज ते छापल्याची बोच लागली. पायाला नाही, इतरत्र.

४ नोव्हेंबर

अंगठा राहिला.

डॉक्टरांनी भिंग घेऊन पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं. म्हणाले, ड्रेसिंग उत्तम झालंय, साखरही छान उतरली आहे, पायावर भार येऊ दिला नाहीत, शाबास. मी गंभीर चेहऱ्यानं ऐकलं. बिचारे डॉक्टर. त्यांना कुठे ठाऊक वाटीत काय होतं.

घरी येऊन अमितानं डोळे पुसले आणि जेवताना वाटीवर आणखी एक चमचा भात वाढला. मी लिहायला बसलो. दिवाळी अंकासाठी. गाव इतकी वर्षं माझ्याकडून टोमणेच ऐकतंय. एकदा तरी कुणाची मनापासून तारीफ करायला काय हरकत आहे?

सदर एका बैठकीत उतरलं. नशरा, कंबरमोडी, धोंडूबाई, संगमरवर. आणि माझा अंगठा: दवाखान्यानं काढायला सांगितलेला, कातळावरच्या पाल्यानं वाचवलेला. तिचं स्टिकरही मी छापलंय हे लिहिलं, आणि शेवटी, 'काही नियम मोडण्यासाठीच असतात, आणि ते मोडणारे हात फार स्वच्छ असतात.' हे वाक्य लिहून मी स्वतःच उठून पाणी प्यायलो.

७ नोव्हेंबर

अंक बाहेर. सकाळपासून फोन. चवदार तळ्यापाशी एकानं पाया पडायला वाकून पट्टीतला अंगठा बघून घेतला. दासगावहून, बिरवाडीहून, वरंधहून विचारणा. कुठे मिळतं ते मलम? नशराच्या दारात सहा माणसं उभी आहेत म्हणे. मी लोकांत इतका लोकप्रिय कधी नव्हतो. थोडं अवघडल्यासारखं होतंय, पण छान.

९ नोव्हेंबर

नशरा प्रेसमध्ये आली. हातात अंक. बसली नाही.

समितीनं तिची भेट थांबवली आहे. परवानगीशिवाय माणसावर वापर केल्याचा छापील पुरावा आहे म्हणे, पुरावा म्हणजे माझं सदर. कॉलेजनं लेखी उत्तर मागवलंय. इतक्या वर्षांचं काम एका अंगठ्यावर लटकलंय.

मी म्हणालो, अगो पण त्यानं माझा अंगठा वाचवला, हे तर तुझ्या बाजूचं आहे. तिनं फोन लावला आणि आईला बोलावलं. साजिदाभाभी रिक्षानं आल्या. पिशवीतून एक ट्यूब काढून टेबलावर ठेवली. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते ती. वर डॉक्टरांची चिठ्ठी, माझ्या नावाची.

"राजेंद्रभाऊ, हे आहे ते. पहिल्या दिवसापासून हेच. त्यात पालाबिला काही नाही. जखम ओली राहावी म्हणून लावतात."

मी म्हणालो, पण वाटीत...

"ट्यूबमधून थेट जखमेवर लावायचं नसतं. नोकरीतली सवय." मग ट्यूबचं टोपण घट्ट करून, "तुमचा अंगठा मिठाच्या पाण्यानं वाचला. आणि अमितानं. तुम्ही झोपलात की ती रोज मला आकडा कळवायची."

मी अमिताकडे बघितलं. ती मागे लग्नपत्रिका मोजत होती. मोजत राहिली.

मी विचारलं, मग मी डोळा मारत होतो तेव्हा? भाभी म्हणाल्या, मला वाटलं साखरेमुळे पापणी फडफडते. डॉक्टरांना विचारणार होते.

नशरा जाताना एवढंच बोलली, "काका, त्या स्टिकरवरचा मजकूर तुम्हीच छापला होता."

'ण' घुसला तेव्हा दुखलं नव्हतं. हे दुखलं.

१० नोव्हेंबर

काही लिहिलं नाही. खुलासा लिहायला बसलो होतो. चार वेळा सुरुवात केली, चारही वेळा विनोद झाला. फाडले.

१३ नोव्हेंबर

सकाळी साजिदाभाभींचा फोन. अमिताला सांगा गाडी काढायला, मलाही घ्या, वाडीवर जायचंय.

महिपतच्या पायावर म्हशीचा खूर पडला होता, दिवाळीच्या आधी. गोठ्यातच. धोंडूबाईनं त्याला दवाखान्यात न्यायचं ठरवलं, कपड्यांची पिशवी भरली, जीपही सांगितली. तेवढ्यात वाडीवर अंक आला. नशरा बायचं नाव छापून आलं म्हणून कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवला. महिपतनं पिशवी रिकामी केली. मास्तराच्या साखरेच्या अंगठ्याला चालतो तर माझ्या पायाला चालंल, म्हणाला. मला ते मास्तर म्हणतात, छापतो म्हणून.

आम्ही पोचलो तेव्हा तो पडवीत आडवा होता. पाय घोट्यापर्यंत फुगलेला, वर हिरव्या चोथ्याचा जाड थर, खालून वास. अंग तापलेलं. उशाशी अंक, घडी घालून.

धोंडूबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"तुमी लिवलाव म्हनून हा उठत नाय. मी सांगून थकली. आता तुमीच उठवा."

भाभी चोथा धुवायला बसल्या. मी महिपतच्या शेजारी खाली बसलो आणि चप्पल काढली. पट्टी परवाच सुटली होती. अंगठा त्याच्या तोंडासमोर धरला. कुठल्याही सभेत मी इतका अवघडून बोललेलो नाही.

"महिपत, हा बघ. याला पाला लागलेला नाही. एक पानसुद्धा नाही. दवाखान्याच्या औषधानं बरा झालाय. मी चुकीचं लिहिलं."

त्यानं बराच वेळ अंगठा बघितला. मग अंक.

"पेपरात चुकीचं कसं येल?"

"पेपरात लिहिणारा मीच आहे. छापणारा पण मीच."

"मंग त्या नशरा बायचं मलम? ते बी खोटं?"

"ते खरं आहे. पण अजून माणसांसाठी तयार नाही. तयार झालं की ती स्वतः सांगेल. मी नाही."

तो अमिताकडे वळला. बाय, तुमी सांगा, मास्तर आता खरं बोलतोय का? अमिता म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा, तेव्हा लगेच उठा.

उठला. आम्ही त्याला धरून गाडीत घातलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं थांबला असता तर पाय गेला असता. पाय राहील. मी बाहेर बाकावर बसून राहिलो. धोंडूबाईनं तिच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. उरलेली स्वतः खाल्ली. 

१४ नोव्हेंबर

खुलासा लिहिला. विनोद नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, ट्यूबचं चित्र, साजिदाभाभींचं नाव, महिपतचा पाय, सगळं पहिल्या पानावर. खाली, 'नशरा यांनी मला त्यांचं मलम दिलं नाही. मी मागितलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. त्या बरोबर होत्या.'  या सदरात 'त्या बरोबर होत्या' हे शब्द मी आजवर कुणाबद्दल छापलेले नाहीत. अंक घेऊन मी स्वतः कॉलेजात गेलो, आणि समितीच्या कचेरीतही. तिथल्या बाईंनी दोनदा वाचला आणि विचारलं, तुम्ही स्वतःबद्दल असं का लिहिलंत? म्हणालो, माझ्याबद्दल लिहायला दुसरं कुणी उपलब्ध नव्हतं.

२१ नोव्हेंबर

नशरानं प्रयोगशाळेत बोलावलं. नाराजी गेलेली नाही, पण बोलावलं. संगमरवरावर वाळलेला पाला. अर्क टाकला. जांभळं फिकं झालं, मग राखाडी, मग पिवळं. हळदीच्या पाण्यासारखं. धोंडूबाईही आली होती, पदर तोंडाला लावून बघत होती. म्हणाली, अगो बाय, ह्ये तर नवरीचं पानी झालं.

मग जेल. पाण्यात पांढरी पूड भिजत घातलेली, त्यात थेंब थेंब काहीतरी टाकत गेली, आणि पातळ पाणी डोळ्यांदेखत घट्ट होऊन चमच्याला धरून राहिलं. प्रेसमध्ये मी लहानपणापासून खळ शिजवलीय, घट्ट होणं मला नवं नाही. पण इतक्या सावकाश, इतक्या धीरानं घट्ट होताना कधी पाहिलं नव्हतं. हिरवट जेल. अळूच्या पाण्याच्या रंगाचं. तोच रंग, मी गाळून टाकलेला.

समितीनं डिसेंबरची तारीख दिली. तारखांचं गाव.

नव्या डब्यांसाठी स्टिकर हवे म्हणाली. मजकूर तोच. मी 'माणसांवर वापरू नये' दुप्पट मोठ्या टायपात केलं. तिनं बघितलं, म्हणाली, एवढं मोठं नको, बाकीचं दिसेना. पण घेऊन गेली.

२७ नोव्हेंबर

महिपतला दवाखान्यातून सोडलं. रोज ड्रेसिंग हवं, वाडी लांब, म्हणून तो प्रेसच्या मागच्या खोलीत राहतो. अमितानं चांभाराला पुन्हा बोलावलंय. साजिदाभाभींच्या गुडघ्यांना रोजची ये-जा झेपत नाही, तेव्हा ड्रेसिंग मी करतो. त्या फोनवर व्हिडीओ लावून बसतात आणि ओरडतात. हात आधी धुवा. गॉज उलटा धरलात. ट्यूब जखमेला टेकवू नका, वाटीत काढा.

मी खाली बसतो. मिठाच्या पाण्यानं धुतो. लोकांच्या पायाखालची सतरंजी ओढायची सवय असलेल्या माणसाला पाय धुणं अवघड जातं, पण आता हात बसत चाललाय. जखम तळापासून लाल होतेय. हे चांगलं असतं, मला आता कळतं.

आज वाटीतून ते नितळ जेल लावत होतो. महिपत वाकून बघत होता. इकडेतिकडे पाहिलं, फोनमधल्या भाभी बाजूला वळल्यात याची खात्री केली, आणि आवाज खाली आणला.

"मास्तर, ह्ये त्येच ना? कंबरमोडीचं?"

"डॉक्टरांनी लिहून दिलंय ते."

त्यानं डोळा मारला.